बादलीवाल्या मावशीला विचारा

पहिला आला तो एक उंच, लाल नाकाचा जर्मन माणूस. नाक्लुआच्या बाजारात सकाळची मासळी संपत आली होती, बर्फाचं पाणी गटाराकडे वाहत होतं. लामूननं नुकत्याच बादल्या बाहेर टांगल्या होत्या. तो माणूस तिच्या दुकानासमोर थांबला, त्यानं खिशातून गुलाबी कागदाचा एक तुकडा काढला आणि सरकारी कचेरीत अर्ज द्यावा तसा दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. त्यावर ठळक थाई अक्षरांत लिहिलं होतं, 'एक ससा पाहिजे. बादलीवाल्या मावशीला विचारा.'

लामूननं चिठ्ठी दोनदा वाचली. बादलीवाली मावशी तीच, यात शंका नव्हती. एकसष्ट वर्षांची लामून गेली तेवीस वर्षं त्याच जागी बादल्या, झाडू, चाळण्या, कोळशाच्या शेगड्या आणि भाताच्या बांबूच्या टोपल्या विकत होती. पण ससा?

जर्मन माणसानं हसून दोन्ही मुठी एकत्र केल्या आणि खाली-वर, खाली-वर अशा हलवल्या. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. खोबरं खवायचा ससा; खवणीला ससाच म्हणायची पद्धत होती. बुटकं लाकडी बसणं, पुढं लोखंडी दातेरी पातं. त्यावर बसायचं आणि नारळाची वाटी पात्यावर फिरवायची. हल्ली बाजारातच यंत्रावर नारळाचं दूध काढून मिळत असल्यानं पंधरा वर्षांत तिनं एकही ससा विकला नव्हता.

"नाहीये माझ्याकडे," ती म्हणाली. एवढ्यावर गिऱ्हाईक परत पाठवायचं, तर ते तिला जमत नसे. आपल्याकडे वस्तू नसली तर ती कुठं मिळेल हे सांगितल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे. तिनं त्याला देवळामागची टोपल्यांची गल्ली सांगितली. तिथं नसेल तर जुन्या सामानवाल्याकडे जा, पण तो दुपारी झोपतो, त्याला उठवू नकोस, आणि पातं गंजलेलं असेल तर घेऊ नकोस, असंही बजावलं. हे सगळं थाईत आणि हातवारे करत, चांगला अर्धा तास. त्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं, वाकून नमस्कार केला आणि चिठ्ठी घेऊन तो गेला.

शेजारच्या कॉफीच्या गाडीवरून तेकदादा हे पाहत होता. तेक मूळचा चिनी, वयानं सत्तरीचा, आणि दुसऱ्याच्या दुकानात काय चाललंय याकडे त्याचं आपल्या किटलीपेक्षा जास्त लक्ष असे.

"काय पाहिजे होतं त्याला?"

"ससा."

"जिवंत?"

"डोकं तुझं. खोबऱ्याचा."

"जर्मनाला? तो काय आमटी करणार आहे हॉटेलच्या खोलीत?"

लामूनलाही तेच कळत नव्हतं.

चार दिवसांनी दोन कोरियन मुली आल्या. त्यांच्याकडेही तसाच गुलाबी कागद. 'चिंचेच्या लाकडाचा ठोकळा, मांस तोडायचा. बादलीवाल्या मावशीला विचारा.' त्यांची मनगटं काकडीएवढी. तो ठोकळा त्यांना दोघींनी मिळूनही उचलला नसता. लामूननं त्यांना आंगसिलाच्या रस्त्यावरचं दुकान सांगितलं. मग एक म्हातारा इंग्रज आला, त्याला कंदिलाची वात हवी होती. त्यानंतर एक रशियन बाई, कडेवर पोर घेऊन. तिच्या चिठ्ठीत होतं, 'मुलासाठी पोहायचा चष्मा.'

आता लामूनची झोप उडायची वेळ आली. येणारे सगळे परदेशी. ज्याला धरून सरळ विचारता येईल असा त्यांत एकही नाही. आणि जे मागायचे ते नेमकं तिच्याकडे नसलेलं. तिच्याकडे सदतीस प्रकारच्या बादल्या होत्या, पण बादली कुणी मागितली नाही.

"तुझं नाव कुणीतरी फोनवर टाकलंय," तेकदादा म्हणाला. त्यानं आपल्या नातीकडून फोनवर शोधून घेतलं. नाक्लुआची कोळंबी निघाली, लाकडी देऊळ निघालं, तेकच्याच कॉफीला कुणीतरी 'फार गोड' म्हणून नावं ठेवलेली निघाली. लामून कुठंच नव्हती.

"नगरपालिकेची माणसं असतील," ती म्हणाली. "कोण कसं बोलतं ते तपासत असतील."

"कोरियन मुली? नगरपालिकेच्या?"

पुढच्या वेळी एक फ्रेंच माणूस शिंपल्यांचा पडदा मागायला आला तेव्हा तिनं त्याच्या फोनकडे बोट दाखवलं आणि त्यात तोंड घालून विचारलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?" फोन थोडा वेळ विचारात पडला, मग फ्रेंचमध्ये बोलला. माणूस त्याला काहीतरी म्हणाला. फोननं थाईत उत्तर दिलं, "मला स्वच्छ स्त्रीने पाठवले आहे."

"स्वच्छ स्त्री?"

"होय. ती अतिशय स्वच्छ आहे," फोन म्हणाला.

दोघांनी यावर बराच खल केला. शेवटी तेकदादानं कपाळावर हात मारला. स्वच्छ स्त्री म्हणजे मठातल्या पांढऱ्या वस्त्रांतल्या साध्वी, दुसरं कोण असणार? परदेशी लोक ध्यान शिकायला जातातच की तिथं. लामूनला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कमळाच्या कळ्या आणि उदबत्त्या घेऊन ती मठात गेली. एक वृद्ध साध्वी अंगण झाडत होती. लामूननं चाचरत सगळं सांगितलं.

साध्वीनं झाडू थांबवला. "आम्ही लोकांना वस्तू सोडायला सांगतो, बाई. आणायला नाही पाठवत."

लामून खजील होऊन परतली. वाटेत तिला आठवलं, चष्म्यासाठी त्या रशियन बाईला आपण दारात खरंखुरं विमान उभं केलेल्या मोठ्या मॉलमध्ये पाठवलं खरं, पण आपण स्वतः तिथं पाऊल ठेवलेलं नाही. तो उघडला तेव्हापासून ती फक्त सोंगथेव या सवारी गाडीच्या मागच्या बाकावर बसून बाहेरून ते विमान बघत आली होती. बाई पोराला घेऊन उन्हात गेली असेल आणि चष्मा मिळालाच नसेल तर? मनात ही टोचणी घेऊन ती सोमवारी दुकान बंद ठेवून तिथं गेली.

आत थंडगार होतं. प्रत्येक मजला वेगळ्या देशातल्या शहरासारखा सजवलेला होता. ती लंडनमधून सरकत्या जिन्यानं वर गेली, कुठल्याशा दुसऱ्या शहरात शिरली, पाट्या वाचत भटकली आणि पाऊण तासानं पुन्हा लंडनमध्येच आली. पोहायचे चष्मे एका दुकानात होते, पण सगळे मोठ्यांचे. विक्रेती मुलगी म्हणाली, "लहान मुलांचे बीचवर मिळतात, मावशी, छत्र्यांखाली." म्हणजे त्या रशियन बाईला तिनं चुकीचंच पाठवलं होतं. लामूनला इतकं वाईट वाटलं की तिला दार सापडेना.

"बाहेर कुठून जायचं?" तिनं पहारेकऱ्याला विचारलं.

"कुठल्या शहरातून, मावशी?"

"जिथून नाक्लुआची गाडी मिळेल त्या."

त्या आठवड्यात तिचं असंच व्हायला लागलं. ती भात लावून पाणी घालायला विसरे. कुणी साधी बादली मागितली तरी आधी त्याच्या हातात गुलाबी कागद आहे का बघे. गुरुवारी वरची बादल्यांची चळत काढताना तिचं लक्ष रस्त्याकडे होतं, कारण एक गोरा म्हातारा दुकानाच्या रोखानं येत होता. स्टूल सरकलं, लामून बादल्यांसकट खाली आली आणि डावं मनगट मुरगळलं. म्हातारा सरळ पुढे निघून गेला. त्याला खेकडे हवे होते.

मनगटाला पट्टी बांधून ती बसलेली असताना एक नॉर्वेची बाई आली. साठीची, खांदे उन्हानं भाजून लाल झालेले. तिच्या चिठ्ठीत चष्म्याला लावायची दोरी मागितली होती. लामूननं तिला दोऱ्या-बटणांची गल्ली सांगितली. पण बाई जाईना. ती लामूनच्या पट्टीकडे बघत होती. मग तिनं फोन काढला आणि परवानगीही न घेता पट्टीचा फोटो घेतला. वर आणखी एक, जरा मागं जाऊन, संपूर्ण लामूनचा.

"आता तुझं चित्र लागणार कुठंतरी," तेकदादा म्हणाला.

"हाताचं? हाताचं कशाला घेईल?"

"तेच मी म्हणतोय."

तीन दिवसांनी तीच बाई पुन्हा आली. या वेळी तिनं काही मागितलं नाही. पिशवीतून एक छोटी बाटली काढून लामूनच्या मांडीवर ठेवली. आत पिवळं, दाट तेल होतं. रानहळदीचं, घरी कढवलेलं. बूच उघडताच कापराचा वास आला. बाटलीला रबरानं गुलाबी कागद बांधला होता.

'मूनताई, सकाळ-संध्याकाळ चोळ. जड उचलू नकोस.'

लामून कागदाकडे बघत राहिली. बाजारात तिला सगळे मावशी म्हणत. तेकदादा लामून म्हणे. मून म्हणणारी आई होती, ती आठ वर्षांपूर्वी गेली. आणि मूनताई म्हणणारं या जगात एकच माणूस होतं, तिची धाकटी बहीण छवीवान. आईच्या अंत्यविधीनंतर दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

पण छवीवान तर रेयाँगला, डोंगरातल्या रबराच्या बागेत, नवरा प्राचुअपजवळ. ती इथं कशी असेल? आणि तिला ससा कशाला हवा असेल?

"कुठं?" तिनं नॉर्वेच्या बाईला विचारलं, आणि फोनकडे बोट केलं. बाईला काय कळलं कोण जाणे, तिनं नकाशा उघडला. जोमतिएनच्या एका गल्लीत लाल ठिपका होता, त्याखाली थाईत 'लाँड्री' लिहिलं होतं. सोंगथेवनं फार तर तासाभराचा रस्ता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लामूननं कपाट उघडलं. नुसतं रिकाम्या हातानं जाऊन उभं राहायचं, तर काय म्हणून? तिनं घरातले पडदे काढले, चादरी काढल्या, लुंगीसारखे नेसायचे दोन धुतलेले पा-थुंगही पिशवीत कोंबले आणि ती उजव्या खांद्याला लावून निघाली. डॉल्फिनच्या चौकात तिनं गाडी बदलली, दक्षिणेच्या वळणावर पुन्हा बदलली. सगळ्या वाटेत ती मनात वाक्यं जुळवत होती. एक जुळलं की आधीचं खोटं वाटायचं.

गल्लीच्या तोंडाशी पाटी होती, 'कपडे धुऊन मिळतील. किलोवर.' धुणारी बाई. फोनच्या तोंडी तीच स्वच्छ स्त्री झाली होती.

आत तीन यंत्रं फिरत होती. छवीवान पाठमोरी उभी राहून टॉवेलला इस्त्री करत होती. केस पांढरे झाले होते, कापलेही होते. समोरच्या काचेत तिनं लामूनला पाहिलं असणार, कारण इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"काट्यावर ठेव," ती वळून न बघता म्हणाली.

लामूननं पिशवी काट्यावर ठेवली.

छवीवान आली, तिनं काटा वाचला, गुलाबी पावत्यांचं पुस्तक पुढं ओढलं. "नाव?"

"लामून."

तिनं ते लिहून घेतलं. "सहा किलो. परवा संध्याकाळी."

"घाई नाही."

"यातले निम्मे धुतलेलेच आहेत."

"असू देत."

लामूनला जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना.

"हात बघू," छवीवान म्हणाली. तिनं पट्टी सोडली, मनगट उलटं-सुलटं केलं. "तेल लावलं नाहीस."

"काल रात्रीच तर मिळालं."

"काल दुपारी मिळालं. त्या बाईनं मला सांगितलंय." तिनं गल्ल्याखालून तशीच एक बाटली काढली आणि चोळायला लागली, जरा जोरातच.

"तू रेयाँगला होतीस," लामून म्हणाली.

"होते. इथं येऊन दोन वर्षं झाली."

"आणि प्राचुअप?"

"गेला. तीन वर्षं झाली. सकाळी झाडांचा चीक काढायला गेला आणि तिथंच बसला. बाग त्याच्या भावाकडे दिली."

लामूनला प्राचुअप फारसा कधी आवडला नव्हता. पण तो नाही आणि आपण तीन वर्षं तो आहे असं धरून चाललोय, हे काही तिच्या डोक्यात बसेना. "मला कळवलं नाहीस."

"आई गेली तेव्हा कळवलं होतं. त्यावर तू काय बोललीस ते साठ माणसांनी ऐकलं."

ते खरं होतं. भिक्खूंसमोर, सगळ्या गावासमोर लामून म्हणाली होती, तू आईला डोंगरात नेऊन मारलंस. छवीवाननं त्या वेळी हातातला ताट-वाट्यांचा ढीग खाली ठेवला आणि ती नवऱ्याच्या गाडीत जाऊन बसली होती.

"मग ससा कशाला मागवलास?" लामूननं विचारलं. हे विचारायला ती आली नव्हती, पण तोंडातून तेवढंच निघालं.

छवीवान चोळायची थांबली. "इथं लोक कपडे टाकतात आणि विचारतात, अमुक कुठं मिळेल, तमुक कुठं मिळेल. मी म्हणते, सांगते, पण आधी माझं एक काम करा. नाक्लुआला जाऊन या म्हटलं की आनंदानं जातात. सुट्टीवरच असतात सगळे."

"पण ससा?"

"तुझ्याकडे असलेलं काही मागितलं असतं तर तू ते काढून दिलं असतंस, नि माणूस निघाला असता. नसलेलं मागितलं की तू अर्धा तास बोलतेस."

"त्यांना कुठं माझं बोलणं कळत होतं?"

"मला काय बोलतेस ते नकोच होतं. परत आले की मी विचारायची. उभी असते की बसून? बारीक झालीय का? आवाज मोठा आहे का? जर्मन म्हणाला, फारच मोठा."

"आणि थाई माणसं का नाही पाठवलीस?"

"त्यांनी तुला माझं नाव सांगितलं असतं."

लामूननं थोडा विचार केला. "मी साध्वींना विचारून आले मठात. फोन म्हणाला, स्वच्छ स्त्रीनं पाठवलं."

"मी? साध्वी?" छवीवाननं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे लामूनला वरून दिसेना, आणि वाकून बघायचं धाडस होईना. तिनं बाजूचा एक टॉवेल उचलला आणि एका हातानं घडी घालायला लागली. घडी वाकडी झाली.

"त्या दिवशी मी जे बोलले," तिनं सुरुवात केली.

"ते नको." छवीवाननं वर पाहिलं. डोळे ओले होते, पण आवाज कोरडा. "तू ते परत घेतलंस तर मलाही एक सांगावं लागेल. आई शेवटचे नऊ दिवस तुला हाक मारत होती. मून कुठंय, मून कधी येणार. मी तुला बोलावलं नाही. तिची सगळी सेवा मी करायची आणि हाक तुला, म्हणून."

यंत्राचं पाणी बदललं. आतल्या काचेवर कुणाचा तरी निळा शर्ट चिकटून राहिला होता.

लामूनच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. तिला आतून राग यायला हवा होता, तो येतही होता, पण त्याच्या पाठोपाठ दुसरंच काही येत होतं. आईनं आपल्याला हाक मारली हे ऐकून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली. नऊ दिवस. मोजून नऊ. छवीवाननं ते मोजले होते.

"जेवलीस?" इस्त्री बंद करत छवीवाननं विचारलं.

"नाही."

तळलेला बांगडा, भात, कोळंबीच्या खाऱ्याची चटणी आणि उकडलेली वांगी, असं दोघी इस्त्रीच्या टेबलावर कागद पसरून जेवल्या. छवीवाननं माशाचं पोट लामूनच्या ताटात ठेवलं. लामूननं ते अर्धं मोडून परत तिच्या ताटात टाकलं. चटणी तिखट झाल्याचं लामून म्हणाली. मग तुझ्या हातची चाखायला कधी येऊ, असं छवीवान म्हणाली नाही, आणि ये, असं लामूनही म्हणाली नाही. जाताना छवीवाननं पावती फाडून दिली. गुलाबी, कोरी पाठ. लामूननं ती उलटून पाहिली, पण काहीच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेकदादानं न मागता कॉफीचा पेला तिच्या स्टुलाजवळ आणून ठेवला आणि तिथंच उभा राहिला.

"लागला छडा?"

"लागला. माझी बहीण."

तेकदादा फडक्यानं हात पुसत होता, तो थांबला. "तुला बहीण आहे?"

"आहे."

"तेवीस वर्षं शेजारी बसतोय. एकदाही बोलली नाहीस."

"आधी ती कधी दुकानावर आली नाही, मग आम्ही बोलत नव्हतो."

"मग? आता मिटलं का?"

लामूननं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला. कापराचा वास अजून जात नव्हता. तिनं कालचं सगळं एकदा पुढून आठवलं आणि एकदा मागून.

"कळलं नाही," ती म्हणाली. "पडदे तिच्याकडेच आहेत. आणायला जावं लागेल."